बिऱ्हाड सी ड्राइव्हचं!

"फॉरमॅट मारावा लागेल, वहिनी."

हे वाक्य मी आयुष्यात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा २०१० मध्ये आणि दुसऱ्यांदा अगदी अलीकडे, यात्रांच्या हंगामाच्या तोंडावर. पहिल्या वेळी मी मान डोलावून "बरं" म्हटलं होतं. त्या 'बरं'ची किंमत काय झाली ते आधी सांगते, म्हणजे दुसऱ्या वेळी मी एवढी का हटून बसले ते तुमच्या लक्षात येईल.

घोडेगावात माझं टायपिंगचं छोटंसं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर घराची पुढची खोली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्सचं मशिन आणि गिऱ्हाइकांना बसायला लाकडी बाक. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं ठिकाण. तहसील कचेरी इथं, आदिवासी विकास प्रकल्पाचं ऑफिसही इथंच. डिंभं, आहुपे अशा डोंगराकडच्या गावांतून माणसं दाखल्यांसाठी येतात आणि अर्ज टाइप करून घ्यायला माझ्या बाकावर बसतात. उरलेल्या वेळात लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, यात्रेची हँडबिलं. शिवाय आमच्या बारा जणींच्या बचत गटाचा हिशोबही माझ्याकडेच, कॉम्प्युटरवर.

तर ते २०१० साल. आदल्या दिवाळीत मी सासूबाईंच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. जातं कधीच माळ्यावर गेलं होतं, पण ओव्या त्यांच्या तोंडात होत्या. दुपारची भांडी झाली की त्या ओट्यावर बसायच्या आणि मी हळूच मोबाइल पुढे धरायची. असं करत वीस-बावीस ओव्या जमल्या. त्या मी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि समोर दिसाव्यात म्हणून डेस्कटॉपवरच ठेवल्या. पुढे कॉम्प्युटरला व्हायरस लागला. दुरुस्तीवाला मुलगा आला, म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. काळजी नको, डी ड्राइव्हमधलं काही जात नाही."

तो खोटं बोलला नाही. डीमधलं काहीच गेलं नाही. पण मैत्रिणींनो, डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमध्ये असतो! समोर पडद्यावर दिसतो म्हणून तो काही वेगळा नसतो. 'माय डॉक्युमेंट्स' हेही सीमध्येच. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नाही. तोपर्यंत तो मोबाइलही मी विकून टाकला होता. "पुन्हा म्हणा ना," म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "आता दम लागतो गं." २०१२ मध्ये त्या गेल्या.

नंतर कधीतरी कळलं, की पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्यात. कागदावर उतरवलेल्या, कितीतरी टेपवर मुद्रित केलेल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' त्या लोकांपुढे आणत आहे. टेपवरून कॉम्प्युटरवर, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर, असं बिऱ्हाड बदलत त्या ओव्या टिकल्या. माझ्या सासूबाईंच्या वीस मात्र एका दुपारी, चहा होईपर्यंत, पुसल्या गेल्या.

असो. आता दुसरी वेळ.

सध्याचा माझा कॉम्प्युटरही चांगला बारा-तेरा वर्षांचा. डिस्क २५० जीबीची. आपल्याकडे कॉम्प्युटर जोडून देणारे डिस्कचे सी, डी असे वाटे घालून देत. माझ्या सीच्या वाट्याला आले ५८ जीबी, बाकी सगळं डीला. तेव्हा ५८ म्हणजे राजवाडा वाटला होता. पण विंडोज सातची दहा झाली, दर अपडेटला थोडं थोडं सामान वाढत गेलं आणि सीची पट्टी लाल झाली. मी डेस्कटॉपवर काही ठेवायचं कधीच सोडलं होतं, तरी लाल ती लालच. मग कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटं लागू लागली. देवपूजा आटोपून यावं, तरी गोल चक्र फिरतंच आहे!

त्यातच एक दिवस आवाज आला. टिक... टिक... थांबून पुन्हा टिक. भिंतीवरच्या पालीसारखा. माझ्या पोटात गोळा आला.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा निराळा, पण वाक्य तेच. नवी डिस्क टाकू, नवं विंडोज टाकू, फॉरमॅट मारू. मी विचारलं, "माझं टायपिंगचं सॉफ्टवेअर?" "सीडी आहे का?" सीडी कुठली असायला! २०१६ साली घरात पावसाचं पाणी शिरलं त्यात ती गेली. मी म्हटलं, "राहू द्या. दोन दिवसांनी सांगते." तो जरा फुरंगटून गेला.

हे जुन्या सॉफ्टवेअरचं प्रकरण थोडं सांगायला हवं. पूर्वी मराठी टायपिंगचे जे फॉन्ट असत, ते इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे आकार बसवून केलेले असत. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजीच लिहितोय, आपल्याला दिसायचं मराठी. एका अर्थानं वेषांतरच! त्यामुळे ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली, की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. पुढे युनिकोड आलं आणि प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची जागा मिळाली. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट आठवतो ना? तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला. नवं काम मी युनिकोडमध्येच करते. पण जुन्या पत्रिका, जुनी हँडबिलं, शेकड्यांनी, त्या वेषांतरात अडकलेल्या.

कुणी म्हणेल, जुन्या पत्रिकांचं काय लोणचं घालायचंय? तर लग्नघरातली माणसं येऊन म्हणतात, "थोरलीची पत्रिका होती ना, अगदी तशीच धाकटीची करा." आणि यात्रेचं हँडबिल म्हणजे तर बॉम्बच! पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी तिथं जाऊन सुपारी ठरवतात आणि मग हँडबिलाची घाई सुटते. त्यावर मानकऱ्यांची नावं असतात. कुणाचं नाव आधी, कुणाचं नंतर, कुणाच्या पुढे 'पाटील' आणि कुणाच्या पुढे नुसतं 'श्री', हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मी नव्यानं टाइप करायला बसले आणि एक ओळ वर-खाली झाली, तर यात्रा बाजूला राहून वेगळीच कुस्ती लागेल. म्हणून जुनी फाइल उघडायची, फक्त तारीख आणि तमाशाचं नाव बदलायचं.

आणि बचत गट. वह्या आहेत, सह्या आहेत, पण कुणाचं कर्ज किती फिटलं, व्याज किती, हे सगळं एक्सेलमध्ये. बारा जणींनी विश्वासानं सोपवलेलं. ते 'गेलं' म्हणायला मी कुठल्या तोंडानं गेले असते?

माझं माहेर जुन्नरचं, शिवनेरीच्या पायथ्याचं. भावाची मुलगी नारायणगावात कॉम्प्युटर शिकवते. रात्री तिला फोन लावला. म्हटलं, "उद्या सीपीयू गोधडीत गुंडाळून एसटीनं घेऊनच येते." सकाळची गाडी धरायची, मंचरला बदलायची... माझं सगळं ठरलं होतं. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, सीपीयूचं काय लागेल ते लागेल!

ती ओरडलीच. "आत्या, अजिबात हलवू नकोस! टिकटिक करतेय ना? मग बंद करून ठेव. मी रविवारी येते."

तिनं फोनवरच समजावलं. जुन्या डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला हजारो वेळा फिरतात आणि एक बारीक दांडी त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतर ठेवून तरंगत लिहिते, वाचते. दांडी थकली की अडखळते, परत मागे जाते, पुन्हा प्रयत्न करते. ती टिकटिक त्याचीच. अशा आजारी डिस्कला धक्के बसले, किंवा उगाच चालू-बंद केलं, तर उरलंसुरलं आयुष्य संपतं. नव्या एसएसडीत चकत्याही नाहीत, दांडीही नाही, सगळं चिपवर. म्हणून ती पटकन चालते आणि आवाजही करत नाही.

"मग फॉरमॅट न मारता जमेल?" मी विचारलं.

"जमेल की. आख्खं घर उचलून नेऊ. क्लोन करू."

मी म्हटलं, त्यात काय, सीमधल्या सगळ्या फाइली कॉपी करून नव्या डिस्कवर टाकू! तर म्हणे तसं चालत नाही. कॉम्प्युटर चालू झाला की तो आधी डिस्कच्या अगदी सुरुवातीला बघतो, 'विंडोज कुठं ठेवलंय?' ही खूण फाइलींच्या यादीत दिसत नाही, ती कॉपी होत नाही. शिवाय विंडोज चालू असताना त्याच्या कित्येक फाइली वापरात असतात, त्या सहजी हात लावू देत नाहीत. आणि प्रत्येक सॉफ्टवेअरनं आपला पत्ता 'सी'मधला अमुक, असा लिहून ठेवलेला असतो. जागा बदलली तरी चालेल, पत्ता बदलून चालत नाही.

मला एकदम आमचा तालुकाच आठवला. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरणाच्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू आमच्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. कचेऱ्या घोडेगावात, पण कागदावर तालुका आंबेगावच! नाव राहिलं, जागा बदलली. माणसांच्या बाबतीत ते एवढं सोपं नव्हतं, हे माझ्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडून मी खूपदा ऐकलंय. त्यांच्या विहिरी, वाटा, देवळं कुणी क्लोन करून दिली नाहीत. विंडोजचं मात्र तसं करता येतं.

रविवारी सकाळी साडेआठला ती दारात हजर. पिशवीत नवी १ टीबीची एसएसडी, केवढीशी, पत्त्यांच्या कॅटएवढी. दोन लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी त्यात गेल्या, पण गेल्या तर गेल्या. (ऑनलाइन '१६ टीबी' म्हणून पाच-सातशे रुपयांत काही तरी दाखवतात, त्याच्या नादी लागू नका, असंही तिनं बजावलं. आत असते जेमतेम साठ-सत्तर जीबी आणि वर आकडा खोटा.)

मला वाटलं, आता ही कामाला लागेल आणि मी चहा करीन. तर ही खुर्ची ओढून भिंतीला टेकून बसली. "तू कर. मी सांगते."

"अगं, काही बिघडलं तर?"

"मी आहे ना. पुढच्या वेळी कुणी फॉरमॅट म्हणालं, तर तुला माहिती असायला नको?"

वीस वर्षं मी या यंत्रासमोर बसले, पण त्याचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं. आपण मिक्सरचा फ्यूज बदलतो, शिलाई मशिनचा पट्टा चढवतो, आणि याला हात लावायला मात्र बिचकतो. तिनं आधी माझी नायलॉनची साडी बदलायला लावली. नायलॉननं अंगात स्थिर वीज साठते आणि तिचा एक ठिपका चिपला पुरतो. मग वायर भिंतीतून काढली, सीपीयूच्या पत्र्याला हात लावला, चार स्क्रू काढले. आत बघते तर बारा वर्षांची धूळ, आणि एका कोपऱ्यात झुरळाचं वाळलेलं पिल्लू!

पण क्लोनच्या आधी तिनं दुसरंच काम सांगितलं. "घर हलवताना पहिल्यांदा काय उचलतो?" "कागदपत्रं आणि दागिने." "मग?" मग कॉम्प्युटर चालू केला आणि सगळ्यात आधी बचत गटाचा हिशोब पेन ड्राइव्हवर घेतला. मग यात्रांची हँडबिलं. मग पत्रिका. मग तेच सगळं तिच्या लॅपटॉपवरही. आजारी डिस्कमध्ये एवढंच त्राण असेल, तर ते आधी मोलाच्या वस्तूंवर खर्च करायचं. हे तिचं म्हणणं मला फार पटलं.

मग कॉम्प्युटर बंद करून नवी डिस्क आतल्याच मोकळ्या वायरला जोडली. क्लोन करायला तिनं 'क्लोनझिला' नावाचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आणलं होतं. फुकट मिळतं, तैवानमधल्या लोकांनी बनवलंय. ते विंडोज चालू न करता, पेन ड्राइव्हवरूनच चालतं. घरातली माणसं बाहेर काढून घर उचलावं, तसं. दिसायला मात्र अगदी रुक्ष. चित्रं नाहीत, नुसत्या इंग्रजी ओळी. विंडोज चालू असताना क्लोन करणारी देखणी सॉफ्टवेअरंही असतात, पण डिस्क आजारी असली की बाहेरून केलेलं बरं, असं ती म्हणाली.

आणि मग आली खरी घडी. पडद्यावर विचारलं होतं: कुठून? कुठे?

"आत्या, इथं घाई करायची नाही. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. म्हणजे काय होईल?"

काय होईल ते मला २०१० पासून ठाऊक होतं. 'कोरं' उतरेल! मी आधीच एक शहाणपणा केला होता. जुन्या डिस्कवर माझी लाल टिकली चिकटवली होती. पण टिकली पडद्यावर कशी दिसणार? तिथं नुसतं एसडीए, एसडीबी. मग आकड्यावरून ओळख पटवली. जुनी २५० ची, नवी १००० ची. एवढ्यावर न थांबता, दोन्ही डिस्कच्या लेबलवरचे नंबर मी चष्मा लावून मोठ्यानं वाचले आणि तिनं पडद्यावरच्या नंबरांशी ताडून पाहिले. कुठून? २५०. कुठे? १०००. सॉफ्टवेअरनं पुन्हा विचारलं, नक्की का? मग पुन्हा एकदा विचारलं. मला बरं वाटलं. लग्नात भटजीसुद्धा एवढ्यांदा विचारत नाहीत!

एंटर दाबलं तेव्हा अकरा वाजले होते. पडद्यावर वेळ दाखवली ५२ मिनिटं. लागले पावणेचार तास. मध्येच डिस्क अडखळे, टिकटिक करी, आणि वेळ वाढत जाई. खराब जागा लागली तर तिथं न थांबता पुढे जायचं, असा एक पर्याय तिनं आधीच निवडायला लावला होता, नाहीतर काम पहिल्या अडथळ्यालाच थांबलं असतं. साडेबाराला लाइट गेली. जाणारच! यूपीएस टी-टी करायला लागला. त्याची बॅटरी जेमतेम दहा मिनिटांची. मी धावत शेजारच्या मेडिकलवाल्या दादांकडे गेले आणि त्यांच्या इन्व्हर्टरवरून लांब वायर खिडकीतून आत घेतली. भाची म्हणाली, "वीज गेली असती तरी जुन्या डिस्कचं काही पुसलं नसतं गं, तिच्यावरचं आपण नुसतं वाचतोय. पण पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागलं असतं, आणि हिच्यात तेवढा दम आहे का?"

दम... मला पुन्हा सासूबाई आठवल्या. मी उठून मासवडीची तयारी केली. नुसतं टक लावून बसून काय करणार? बेसनाच्या वडीत तिळा-खोबऱ्याचं सारण भरता भरता कान मात्र पुढच्या खोलीकडे.

पावणेतीनला काम संपलं. आता जुनी डिस्क पूर्ण काढून बाजूला ठेवायची आणि नव्या एकटीवर कॉम्प्युटर चालू करायचा. दोघी एकदम जोडलेल्या नकोत. दोन्हींची ओळखखूण आता एकच, विंडोजचा गोंधळ होतो. मी बटण दाबलं.

दहा मिनिटं लागायची तिथं अर्ध्या मिनिटाच्या आत माझा डेस्कटॉप समोर! तोच गणपतीचा फोटो, त्याच जागी तेच आयकॉन. विंडोजनं लायसन्सबद्दल कुरकुर केली नाही, कारण ते बहुधा मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तेही उघडलं! त्याची किल्ली म्हणजे मागे लावायचा एक छोटा डोंगल आहे, म्हणून निभावलं. काही जुन्या सॉफ्टवेअरांचं कुलूप डिस्कच्या नंबरलाच बांधलेलं असतं, ती नव्या डिस्कवर रुसून बसतात. तुमच्याकडे तसलं काही असेल तर आधी चौकशी करा.

मी टाळ्याच वाजवल्या. आणि मग 'माय कॉम्प्युटर' उघडलं, तर... सी ड्राइव्ह लाल!

"अगं, एवढी मोठी डिस्क आणली आणि सी तेवढाच?"

भाची हसायला लागली. क्लोन म्हणजे हुबेहूब नक्कल. ५८ चा सी ५८ चाच राहिला, डीही होता तेवढाच, आणि जवळजवळ ७०० जीबी नवी जागा पार शेवटी, कुणाच्या नावावर नसलेली. मी म्हटलं, मग दे की ती सीला. तिनं पडद्यावर नकाशा दाखवला. एका ओळीत आधी सी, मग विंडोजनं दुरुस्तीसाठी राखलेला चिमुकला तुकडा, मग डी, आणि डीच्या पलीकडे मोकळं रान.

हे मात्र मला सांगायची गरज पडली नाही. बांधाला लागून जमीन असेल तरच बांध सरकवता येतो! मध्ये भावकीचं शेत आलं तर पलीकडचं पडीक आपल्या काय कामाचं? विंडोजचंही अगदी तसंच. 'एक्स्टेंड' हा शब्द सीसाठी फिका दिसत होता, दाबलाच जाईना. म्हणून 'जीपार्टेड' नावाच्या दुसऱ्या एका फुकट सॉफ्टवेअरनं आधी डी उचलून पार उजवीकडे नेला, मग तो चिमुकला तुकडा त्याच्या शेजारी नेऊन ठेवला, आणि मग सीला मोकळं रान मिळालं. आम्ही त्याला ३०० जीबी दिले. ह्यात आणखी सव्वा तास गेला. भाची म्हणाली, क्लोन करणारी काही सॉफ्टवेअरं सुरुवातीलाच वाटे बदलू देतात, तसं केलं असतं तर हा खेप-खेप वाचला असता. पण मला बरंच वाटलं. टिकलीवाली डिस्क बाजूला सुखरूप होती, म्हणून या सरकवासरकवीत भीती नव्हती.

एक शंका तुम्हालाही येईल, मला आली होती. डिस्कवर लिहिलंय १ टीबी, म्हणजे १००० जीबी. कॉम्प्युटर दाखवतो ९३१. ६९ जीबी गेले कुठं? मला आधी दुकानदाराचाच संशय आला! पण तसं नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीनं मोजतात, विंडोज मोजतं १०२४ च्या पटीनं. माल तेवढाच, माप वेगळं. शेर आणि किलोसारखं. माझी जुनी २५० ची पण २३२ च दिसायची, इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सगळं तपासून पाहिलं तेव्हा नुकसान एवढंच निघालं: एका बारशाच्या कार्डावरचं पाळण्याचं चित्र अर्धं राखाडी झालं होतं. खराब जागेवर नेमकं तेच सापडलं. पाळणा दुसरा मिळेल. बचत गटाच्या फाइलीतली बेरीज मी वहीशी जुळवून पाहिली, रुपयाचा फरक नाही.

रात्री जेवताना भाचीनं दोन गोष्टी बजावल्या. विंडोज दहाचा नेहमीचा सांभाळ कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाय आणि माझ्या जुन्या यंत्रावर अकरा रीतसर चालत नाही. डिस्क नवी झाली म्हणून यंत्र नवं होत नाही. तेव्हा याचं इंटरनेट काढून टाकायचं, यावर फक्त टायपिंग आणि जुन्या फाइली. ऑनलाइन फॉर्म आणि पैशांचे व्यवहार लॅपटॉपवर. मी त्याच रात्री वायर काढली. दुसरी गोष्ट नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी: त्यांत बऱ्याचदा आतलं सगळं आपोआप कुलूपबंद केलेलं असतं, बिटलॉकर म्हणतात त्याला. त्याची लांबलचक आकड्यांची किल्ली आधी शोधून कागदावर लिहून ठेवा, मगच झाकणाला हात लावा. आणि डिस्कचा आकारही बघून घ्या. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये माझ्यासारखी चौकोनी डिस्क बसत नाही, च्युइंगमच्या पट्टीसारखी असते ती लागते.

"आत्या, आणि ती जुनी लगेच फेकू नकोस हं."

फेकते कशाला! प्लॅस्टिकच्या डब्यात घालून कपाटात साड्यांच्या खाली ठेवलीय, टिकलीसकट. कधीकधी वाटतं, या चकत्यांवर नसल्या, तरी त्याच्याही आधीच्या, २०१० च्या डिस्कवर सासूबाईंचा आवाज कुठंतरी उरला असता. भाचीला विचारलं. ती म्हणाली, फॉरमॅटनंतर लगेच वापर थांबवला असता, तर पुष्कळदा परत मिळतं. पण आम्ही त्याच संध्याकाळी नवं विंडोज टाकलं आणि पुढे ती डिस्क भंगारात दिली. मी पुढे काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळीच पश्चिमेकडच्या एका गावचे कारभारी आले. "ताई, गेल्या सालासारखंच हँडबिल. तमाशा तेवढा बदललाय." फाइल उघडली, मानकऱ्यांची नावं जिथल्या तिथं. पहिली प्रिंट निघाली ती त्यांनी खालपासून वरपर्यंत बोट फिरवत वाचली आणि मान डोलावली.

दुपारी समोरची ब्लाउज शिवणारी मैत्रीण आली. काखेत मुलाचा लॅपटॉप. "वहिनी, फार हळू चालतंय हे. फॉरमॅट मारू म्हणतायत."

मी बाक झटकला. म्हटलं, "बस. आधी डेस्कटॉपवर काय काय आहे ते दाखव."